आडव्या इंजिनाच्या मोठ्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल : क्रम, तापमान आणि नेहमी होणाऱ्या चुका

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत ऑटोमॅटिक गाड्या आता गल्लोगल्ली आहेत, पण त्यांचं गिअर ऑइल बदलायची रीत अजून मॅन्युअल गाडीचीच आहे. गाडी पुढून जॅकवर उचलायची, खालचा बोल्ट खोलून तेल सोडायचं, बोल्ट परत लावायचा आणि बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत नवीन तेल ओतायचं. मॅन्युअल गिअरबॉक्सला हे चालून जातं. ऑटोमॅटिकला यातली जवळपास प्रत्येक पायरी चुकीची आहे. नुकसान लगेच दिसत नाही, हा त्यातला खरा धोका. गाडी घरी नीट येते. पुढे कधीतरी पसरणीच्या चढावर गिअर उशिरा पडतो, डी मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून धक्का देत निघते, आणि तोवर तेल बदललं होतं हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

पुढचं सगळं एका गोष्टीभोवती आहे. ऑटोमॅटिकमध्ये "किती लिटर घातलं" यावरून लेव्हल ठरत नाही. गाडी सपाट, इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला, या तिन्ही अटी एकाच वेळी जुळल्या तरच लेव्हल मोजता येते. यातली एक जरी सुटली तरी मोजमाप फुकट.

## हे कोणत्या गाड्यांना लागू आहे

इंजिन बॉनेटखाली आडवं, पुढची चाकं ओढणारी, दोन लिटरच्या आसपास किंवा त्याहून मोठं इंजिन, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पुढे देणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हॅरियर, सफारी, एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७००, ट्युसाँ, कंपास यांच्या डिझेल ऑटोमॅटिक, जुनी कॅमरी, जुनी अकॉर्ड व्ही-६, व्होल्वोच्या बऱ्याच गाड्या या सगळ्या याच घरातल्या.

या रचनेत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या दोन चाकांमध्ये शेजारी शेजारी बसवावे लागतात. त्यामुळे गिअरबॉक्स आखूड आणि दाटीवाटीचा असतो. क्लचच्या थाळ्या, गिअर, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब कुठल्या क्लचला द्यायचा ते ठरवणारा भाग) आणि बहुतेक गाड्यांत डिफरन्शियलसुद्धा एकाच खोक्यात, एकाच तेलावर चालतं. वरच्या डिझेल गाड्यांत त्यातून साधारण ३५० ते ४५० न्यूटन मीटरचा जोर जातो. जागा कमी आणि उष्णता भरपूर, म्हणून तेलाच्या चुकीला इथे माफी फार थोडी आहे.

फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ यांचा गिअरबॉक्स उभा असतो, त्यांची पद्धत थोडी वेगळी आहे. डीएसजी, डीसीटी, सीव्हीटी आणि एएमटी या वेगळ्या रचनेच्या ऑटोमॅटिकना हा लेख लागू नाही. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल, गेलं तर पट्टा आणि पुली दोन्ही जातात. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे माहीत नसेल तर मॅन्युअल उघडून बघा. विकणाऱ्याने "ऑटोमॅटिक आहे" एवढं सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका.

## टप्पा १ : आधी निदान, मग तेल

तेल बदलणं ही देखभाल आहे, दुरुस्ती नाही. गिअर घसरत असेल, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी ओढत नाही, तर आधी स्कॅनर लावा. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, नीट लागत नाही. पी०७११ कडे विशेष लक्ष द्या, कारण तो तेलाच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड आहे. सेन्सरच खोटं बोलत असेल तर पुढे टप्पा ९ मधली लेव्हल कधीच बरोबर येणार नाही.

"तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" असं अनेकांच्या तोंडून ऐकू येतं. बहुतेक वेळा तो गिअरबॉक्स आधीच गेलेला असतो. क्लचचं अस्तर झिजलेलं असतं, झटके सुरू झाल्यावर तेल बदलायचं सुचतं आणि दोष नव्या तेलावर येतो. तेल काळं, जळकट वासाचं आणि गिअर घसरणारा असेल तर खर्च करण्याआधी ऑटोमॅटिक उघडणाऱ्या जाणत्या माणसाला गाडी दाखवा.

किती किलोमीटरला बदलावं? काही कंपन्या "आयुष्यभराचं तेल" म्हणतात, पण बऱ्याच मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो. आपला वापर कठीणच आहे. यवतेश्वर चढून कास, पसरणी चढून पाचगणी, कराडहून कुंभार्ली उतरून चिपळूण. आणि हंगामात ऊसाच्या ट्रॅक्टरमागे इस्लामपूर रस्त्यावर पंधरा-वीसच्या वेगाने सरकणं घाटापेक्षाही वाईट, कारण त्या वेगाला कन्व्हर्टरचं लॉक लागत नाही आणि तेल सतत घुसळून तापत राहतं. अशा वापराला साठ हजार किलोमीटरच्या पुढे तेल ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा २ : तेल निवडणं

इथे चूक झाली तर पुढचं सगळं बरोबर करूनही उपयोग नाही.

एटीएफ ही एकच वस्तू नाही. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या खोक्याला एसपी-४, टोयोटाच्या नव्या खोक्यांना डब्ल्यूएस, आयसिन या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच सहा गिअरच्या खोक्यांना जेडब्ल्यूएस ३३०९ किंवा त्यापुढचं एडब्ल्यू-१, होंडाला डीडब्ल्यू-१. प्रत्येकाचा पातळपणा वेगळा आणि क्लच पकडताना लागणारं घर्षण वेगळं. वेगळ्या मानकाचं तेल घातलं की क्लच लागण्याची वेळ बदलते, आणि गिअरबॉक्सचा संगणक जुन्या तेलाच्या हिशेबाने दाब देत राहतो.

- रंगावर जाऊ नका. यातली बरीच तेलं लाल असतात, पॉवर स्टिअरिंगचं तेलही लाल असतं.
- "सर्व गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं तेल घ्यायचंच असेल तर डब्याच्या मागे तुमच्या गाडीचं मानक अक्षरशः छापलेलं आहे का ते बघा. "योग्य" आणि "मान्यताप्राप्त" यांत फरक असतो.
- सुटं, ड्रममधलं तेल घेऊ नका. सीलबंद डबा, पक्कं बिल आणि बॅच नंबरचा फोटो.
- ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं असतं. ते एटीएफमध्ये धरू नका.

तपासा : मॅन्युअलमधलं मानक, डब्यावरचं मानक आणि मिस्त्रीने कागदावर लिहिलेलं मानक, तिन्ही एकच आहेत ना? नसतील तर काम सुरू करू नका.

किती आणायचं? या आकाराच्या खोक्यात एकूण सात लिटरच्या आसपास तेल असतं, काहींत थोडं जास्त. खालून सोडल्यावर त्यातलं साधारण तीन ते साडेतीन लिटरच बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि वाहिन्यांत अडकून राहतं. एका वेळेच्या बदलासाठी पाच लिटर हाताशी असू द्या. अर्ध्या कामात तेल संपलं आणि दुकान बंद, असं झालं की "चालेल तेवढं" म्हणून गाडी बंद केली जाते, आणि कमी तेलाचा गिअरबॉक्स रस्त्यावर येतो.

## टप्पा ३ : जागा आणि हत्यारं

गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढून जॅकवर घेतलेल्या गाडीत तेल मागे सरकतं आणि लेव्हल खोटी दिसते. चार खांबांचा रॅम्प किंवा खड्डा सगळ्यात उत्तम. दोन्ही नसेल तर चार पक्के स्टँड लावा आणि स्पिरिट लेव्हलने लांबी-रुंदी दोन्ही दिशांनी तपासा. विटा, लाकडी ठोकळे, साधा जॅक यांवर उचललेल्या गाडीखाली इंजिन चालू ठेवून कोणीही जायचं नाही. या कामात इंजिन चालू असताना खाली हात घालावाच लागतो, म्हणून हा नियम मोडायला जागाच नाही.

लागणाऱ्या गोष्टी :

- तेलाचं तापमान वाचू शकणारा स्कॅनर. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बऱ्याच गाड्यांत इंजिनचं तापमान दाखवतो, गिअरबॉक्सचं दाखवेलच असं नाही. आदल्या दिवशी लावून बघा.
- प्लगला बसणारी नेमकी एलन की किंवा स्टार बिट, आणि टॉर्क रेंच.
- प्लगचे नवीन वॉशर. चेपून बसणारा वॉशर एकदाच वापरायचा असतो.
- मापाच्या खुणा असलेलं भांडं, पारदर्शक पाइप, स्वच्छ नरसाळं.
- धागे न सुटणारं कापड. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट इथे नको. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटेत अडकला तर सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी विजेची झडप) बिघडल्यासारखी लक्षणं दिसतात.
- दुसरा माणूस. एक आत ब्रेकवर, एक खाली.

काही खोक्यांत फिल्टर खालच्या पॅनमध्ये असतो आणि बदलता येतो. काहींत तो आतल्या बाजूला असतो आणि खोकं उघडल्याशिवाय हात पोचत नाही. आपला कुठला, हे आधी शोधा. पॅन काढायचा असेल तर नवीन गॅस्केट किंवा कंपनीने सांगितलेलं सीलंट आणून ठेवा. सीलंट जाड थापू नका. जास्तीचं आत पिळून पडतं आणि थेट फिल्टरच्या तोंडाशी जातं.

## टप्पा ४ : वेळ

हे काम सकाळी करा. कारण सरळ आहे. लेव्हल मोजायचं तापमान खोक्यागणिक वेगळं असतं. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या खोक्याला ५० ते ६० अंश, आयसिनच्या टीएफ-८० ला साधारण तेवढंच, तर फोक्सवॅगन-स्कोडात येणाऱ्या ०९जी ला ३५ ते ४५ अंश. मे महिन्यात सांगलीत दुपारी उभ्या गाडीचं तेलच चाळिशीला टेकलेलं असतं. अशा वेळी ३५ ते ४५ च्या खोक्याला इंजिन चालू करून दोन मिनिटं होत नाहीत तोच मोजायच्या तापमानाची ही खिडकी निघून जाते.

तेल सोडताना मात्र ते कोमट हवं. बर्फासारखं थंड तेल नीट निथळत नाही, आणि दहा-वीस किलोमीटर चालवून आणलेलं तेल हात भाजतं. पाच-सात मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करा, मग खाली जा. सायलेन्सरचा पाइप शेजारीच असतो, हात सांभाळा.

## टप्पा ५ : भरायचा प्लग आधी उघडा

खालचा प्लग काढण्याआधी वरचा, म्हणजे तेल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो बहुधा एअर फिल्टरच्या डब्याखाली किंवा बॅटरीच्या बैठकीखाली असतो. वर्षानुवर्षं न हललेला प्लग जाम असतो, कधी त्याचं डोकं गोल होतं. तेल आधी सोडून दिलं आणि मग वरचा प्लग सुटेना झाला, तर गाडी तिथेच अडकते. ती चालू करून दुसरीकडे नेता येत नाही आणि ओढूनही नेता येत नाही.

प्लग सैल करण्याआधी आजूबाजूची माती हवेने उडवा आणि कापडाने पुसा. एअर फिल्टरचा डबा काढला असेल तर इंजिनाकडे जाणारं तोंड कापडाने बांधा. बॅटरी सोडली तर बऱ्याच गाड्यांत काचांची एका दाबात चढ-उतार आणि स्टिअरिंगचा कोन परत शिकवावा लागतो, हे लक्षात ठेवा.

तपासा : भरायचा प्लग हाताने फिरतोय? मगच खाली जा.

## टप्पा ६ : तेल सोडणं, आणि सोडलेलं तेल वाचणं

बऱ्याच आधुनिक खोक्यांत डिपस्टिक नसते. त्याऐवजी खालच्या प्लगमध्ये एक छोटा प्लग असतो आणि आत उभी नळी. छोटा प्लग लेव्हल बघायचा, मोठा तेल सोडायचा. या दोघांत गोंधळ करून अनेकजण फक्त छोटा उघडतात, नळीच्या वरचं थोडंसं तेल गळतं, आणि "तेल कमीच होतं" असा निष्कर्ष काढून वरून भरतात. तेल सोडायचं तर मोठा प्लग किंवा नळी काढावी लागते. काही खोक्यांत दोन्ही प्लग वेगवेगळ्या जागी असतात.

आलेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या आणि नेमकं किती आलं ते लिहून ठेवा. जमिनीवर सांडू देऊ नका, माप चुकतं. आता त्या तेलाकडे नीट बघा.

गडद तपकिरी असेल तर जुनं आहे, एवढंच. जळल्याचा उग्र वास येत असेल तर क्लच तापलेले आहेत. प्लगच्या किंवा पॅनमधल्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असणं सामान्य आहे. दोन बोटांत चोळला तर तो गुळगुळीत लागतो. बोटाला खरखरीत कण, टोचणारी चिप किंवा चकाकणारे तुकडे लागले तर गाडी परत भरून पुढे पाठवू नका.

आणि तेल गुलाबी-दुधट दिसलं तर काम थांबवा. पाणी आत गेलंय. त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक, रेडिएटरमधला तेलाचा कूलर आतून फुटून कूलंट मिसळणं. दुसरी, गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून शिरलेलं पाणी. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील, तर हे दुधट तेल त्यांची सगळ्यात खरी खूण आहे. जुनी ऑटोमॅटिक घेताना सीटखालचा गाळ बघतात, गिअरबॉक्सचं तेल बघत नाहीत. बघायला हवं. पाणी आणि कूलंट क्लचच्या अस्तराचा चिकट धरच सोडवतात, म्हणून नुसतं तेल बदलून अशी गाडी वाचेल अशी आशा धरू नका. कूलरमधून पाणी येत असेल तर आधी तो बदलायचा.

तेल थेंबाथेंबाने येऊ लागलं की प्लग नव्या वॉशरसह लावा. खोकं ॲल्युमिनियमचं आहे. चाकाचा पाना किंवा हवेची बंदूक लावलीत तर आटे निघून येतील. मॅन्युअलमधला टॉर्क, टॉर्क रेंचने.

सावध : रिकाम्या गिअरबॉक्सवर इंजिन एक सेकंदही चालू करायचं नाही. पंप कोरडा फिरतो.

## टप्पा ७ : मोजून भरणं

जेवढं आलं तेवढं घाला, आणि वर साधारण अर्धा लिटर जास्त. ह्युंदाईच्या पद्धतीत तर सातशे मिलिलिटर जास्तीचं घालायला सांगितलेलं आहे. हे जास्तीचं तेल टप्पा ९ मध्ये बाहेर येणार आहे, म्हणून ते "ओव्हरफिल" नव्हे.

इंजिन बंद असताना ओघळेपर्यंत भरणं चूक का, तेही इथेच समजून घ्या. इंजिन बंद असताना वरच्या वाहिन्यांतलं तेल खाली उतरून पॅनमध्ये जमलेलं असतं. पातळी उंच दिसते आणि तेल लवकर ओघळतं. इंजिन चालू केलं की पंप ते तेल उचलून कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत भरतो आणि पॅनमधली पातळी खाली जाते. म्हणजे बंद इंजिनावर "फुल्ल" दिसलेला गिअरबॉक्स चालू झाल्यावर कमी तेलाचा असतो. चढावर किंवा वळणावर तेल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतो.

भरायचा प्लग हाताने नुसता बसवा, अजून घट्ट करू नका.

## टप्पा ८ : गिअर फिरवणं

आतला माणूस ब्रेक पूर्ण दाबून इंजिन चालू करतो. एसी बंद. पार्किंगपासून रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, आणि परत उलट. प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबायचं, म्हणजे प्रत्येक क्लचच्या वाहिनीत तेल भरतं. असं दोन-तीनदा. भराभर दांडी ओढली तर वाहिन्या रिकाम्याच राहतात.

गाडी स्टँडवर असेल तर या वेळी पुढची चाकं फिरू शकतात. खाली कोणी नको, चाकांजवळ कोणी नको, आतल्या माणसाचा पाय ब्रेकवरून हलायला नको. हे झालं की दांडी पार्किंगमध्ये, इंजिन चालूच.

तपासा : रिव्हर्स आणि ड्राइव्ह लागताना हलका धक्का जाणवला का? गिअर लागतच नसेल तर इंजिन बंद करा आणि किती तेल भरलं ते परत मोजा.

## टप्पा ९ : लेव्हल

ज्यासाठी एवढी तयारी केली, ते काम आता. ते घाईत उरकू नका.

स्कॅनर समोर ठेवा. इंजिन नुसतं चालू ठेवून तेल हळूहळू तापू द्या. खोक्याच्या ठरलेल्या खिडकीत खालच्या आकड्याला पोचलं की खालचा माणूस लेव्हलचा छोटा प्लग उघडतो, भांडं खाली धरून. तीनपैकी एक होईल.

तेलाची जाड धार आली, तर जास्तीचं बाहेर पडतंय. पडू द्या. धार बारीक होत होत थेंबांवर आली, की तीच योग्य लेव्हल. लगेच प्लग बंद करा. थेंब पूर्ण थांबेपर्यंत वाट बघू नका. तोवर तापमान वाढत असतं आणि फुगणारं तेल थेंब चालूच ठेवतं.

काहीच आलं नाही, तर तेल कमी आहे. इंजिन चालू ठेवूनच वरून शंभर-शंभर मिलिलिटर घाला, खालून बारीक धार येईपर्यंत.

तापमान खिडकीच्या वर गेलं, तर प्लग बंद करा, इंजिन बंद करा, गाडी थंड होऊ द्या आणि टप्पा ८ पासून परत. "थोडंसंच वर आहे" म्हणून पुढे जाऊ नका. सात लिटर तेल चाळीस अंशांनी तापलं की दोनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं, आणि बरोबर-चूक यांतला फरक तेवढाच असतो. ८० अंशांना केलेली लेव्हल प्रत्यक्षात कमी भरलेली असते, २० अंशांना केलेली जास्त भरलेली.

जास्त भरणंही कमी भरण्याइतकंच वाईट आहे. फिरणारे भाग तेलात बुडून ते फेसाळतं. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचला पूर्ण दाब मिळत नाही आणि उष्णता वाढते. कधी हवेच्या नळीतून तेल उसळून बाहेर येतं आणि लोक त्याला सील गळणं समजतात.

लेझर थर्मामीटरने बाहेरून पॅनचं तापमान घेणाऱ्यांना एक सांगणं : पृष्ठभाग आणि आतलं तेल यांत बराच फरक पडतो. तो पडताळ्याला ठेवा, लेव्हल त्याच्यावर करू नका.

डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत बहुतेकांना इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना "हॉट" खुणेवर बघायचं असतं. होंडा अपवाद आहे. होंडाच्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी गरम करून, इंजिन बंद करून, साधारण साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक बघायची असते. जुन्या अकॉर्डला टोयोटाची इंजिन चालू ठेवायची पद्धत लावली की लेव्हल हमखास चुकते. अमेरिकेत जनरल मोटर्सने मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या कॅडिलॅकसाठी केलेल्या ४टी८०-ई सारख्या खोक्यांत तर तापल्यावर तेल मुद्दाम कडेच्या कव्हरमध्ये साठवणारी झडप असते, म्हणजे थंड आणि गरम पातळीचं गणित आणखी निराळं. एका खोक्याचा नियम दुसऱ्याला लावू नका. मॅन्युअलला पर्याय नाही.

लेव्हल झाली की छोटा प्लग आणि भरायचा प्लग, दोन्ही नव्या वॉशरसह, टॉर्कप्रमाणे घट्ट करा. मग इंजिन बंद.

## टप्पा १० : रस्त्यावर

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने. साताऱ्यात असाल तर घाटात न शिरता हायवेचा सेवा रस्ता पुरेसा आहे, सांगलीत माधवनगरचा रस्ता. पहिल्या गिअरपासून वरच्यापर्यंत सगळे गिअर पडू द्या, मग हळू थांबवा. परत आल्यावर प्लगभोवती कापड फिरवून ओल आहे का ते बघा. दुसऱ्या दिवशी जमिनीवरचा डाग बघा.

तेल बदलल्यावर संगणकाची "शिकवण" पुसायची का, असं विचारतात. मॅन्युअल सांगत असेल तरच. नुसत्या तेलबदलाला बहुतेक खोक्यांत गरज नसते. व्हॉल्व्ह बॉडी किंवा क्लच बदलले असतील तर मात्र ती करावी लागते, आणि मग ठरलेल्या क्रमाने गाडी चालवून परत शिकवावी लागते. सगळं ठीक चालत असताना उगाच पुसली तर काही दिवस झटके बसतात आणि मालक घाबरतो.

## एकदा बदलून भागतं का

एका वेळी निम्म्याहून कमी तेल बदलतं, हे वर आलंच. दर वेळी चाळीस टक्के बदललं असं धरा. एकदा केलं की नवं तेल चाळीस टक्के, दुसऱ्यांदा चौसष्ट, तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. म्हणून फार जुनं तेल असेल तर मधे पाचशे-हजार किलोमीटर चालवून दोन-तीनदा करणं फायद्याचं. दर वेळी टप्पा ३ ते १० पूर्ण, लेव्हलसकट. दुसऱ्या वेळी लोक कंटाळतात आणि "मागच्याइतकंच ओत" म्हणतात.

मशिनने फ्लश करायचा सल्ला मिळेल. नियमित देखभाल झालेल्या गाडीत, कूलरच्या पाइपला जोडून, गिअरबॉक्सच्याच पंपाच्या दाबाने तेल बदलणारं मशिन असेल तर ते चांगलं काम करतं. पण लाखभर किलोमीटर तेल न बदललेल्या खोक्यात बाहेरून दाबाने किंवा साफ करणारं रसायन घालून फ्लश करू नका. साठलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकते. अशा गाडीला दोन-तीनदा हळूहळू बदलणंच योग्य. मशिननंतरही लेव्हल टप्पा ९ प्रमाणेच करायची, मशिनच्या पडद्यावर "पूर्ण" आलं म्हणून नाही.

जुनं तेल शेताच्या बांधावर, ओढ्यात किंवा गटारात ओतू नका, कृष्णेला जाऊन मिळतं ते. वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्या. गॅरेजवाले ते बॅरलमध्ये साठवतातच, तुमचा डबा त्यांना द्या.

## बंद पडली तर ओढून नेताना

पुढच्या चाकांच्या ऑटोमॅटिक गाडीची पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले गिअर तेलाविना फिरताहेत. न्यूट्रलमध्ये टाकलं तरी हा प्रश्न सुटत नाही. काही मॅन्युअल थोड्या अंतरासाठी, कमी वेगाने परवानगी देतात. तुमचं देत नसेल तर गृहीत धरू नका. खंबाटकीत गाडी थांबली तर दोरी बांधून साताऱ्यापर्यंत आणू नका. सपाट पाट्याची क्रेन मागवा, किंवा निदान पुढची चाकं उचलणारी. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं पाट्यावर. क्रेनवाला फोनवर "न्यूट्रल करा, ओढतो" म्हणाला तर गाडी ऑटोमॅटिक आहे आणि ओढणारी चाकं पुढची आहेत, हे त्याला स्पष्ट सांगा आणि पाट्याची गाडी येईपर्यंत थांबा.